छोटी भोकं आणि सोनीबाईचं पोट

मंडळी, उभी राह्यली खरी, पण सुरू कुठून करू ते समजत नाई. इतकी वर्षं ऑपरेशनच्या खोलीत बोलायचं काम आमच्या सरांचं होतं. मी सिस्टर, माहं काम हातात चिमटा द्याचं. आज सर नाईत अन् त्याईच्या शोकसभेत माईक माह्या हाती आला, तं थोडं खरं बोलून घेते. हसू आलं तं हसा. रडकी सभा सरले आवडली नसती.

आमचे सर पक्के शाकाहारी. अन् दर रविवारी मटणाच्या दुकानात पहिला नंबर त्याईचा! दुकानदार विचारे, "डॉक्टर, कलेजी कापून देऊ?" सर म्हणत, "नाई रे बाबा, कापायलेच तं नेऊन राह्यलो!" पोट न फाडता छोट्या भोकातून लिव्हरचं ऑपरेशन कराचं, त्याचा सराव चाले. मंग खोक्याले भोकं पाडत. आत कॅमेरा, आत कलेजी. अर्धी चिमट्यानं चुरायची, अर्धी मशीननं. कोणत्या पद्धतीत नस साबूत राह्यली, ते मले वहीत लिहायले लावत. मी म्हणो, "सर, बकरीची कलेजी रक्त देत नाई." ते म्हणत, "सिस्टर, नजर नका लावू."

मंग आलापल्लीकडची सोनीबाई आली. लिव्हरमध्ये गाठ. तिले एकच घोर, उन्हाळ्यात बिडीचा तेंदूपत्ता तोडायले जाता येईन का? सर म्हणाले, "चार-पाच भोकं फक्त, बाई. आरामात जाल." शब्द देऊन बसले.

तिच्या ऑपरेशनच्या दिवशी बाहेरगावचे डॉक्टर पाहायले आले होते. मशीन मस्त चालली होती. अन् एकदम कॅमेऱ्याचा पडदा लाल! चिमटा लावला, रक्त थांबेना. सगळे सरकडे पाहून राह्यले. एवढ्या लोकाईसमोर हार मानणं सोपं असते का, सांगा? सरनं मशीन बाजूले सारली. मंग म्हणाले, "सिस्टर, चाकू. भोकं माह्या हौसेची, पोट तिचं."

सोनीबाई वाचली. पोटावर ही एवढी शिवण. सर स्वतः खाटेजवळ गेले. मान खाली. "बाई, शब्द मोडला माहा. यंदा तेंदू नाई."

ती म्हणे, "पानं तं पुढच्या सालीही येतेत, भाऊ. मी कुठून आली असती?"

सर असे हसले, असे हसले! अन् वहीत दोन पद्धतींच्या खाली मले तिसरी लिहायले लावली, वेळेवर पोट उघडणे. त्या दिवशीइतका सरांचा अभिमान मले कधीच वाटला नाई.

सोनीबाई इथीच आहे, तिसऱ्या रांगेत. बाई, पहिले तुम्ही उभ्या राहा. लोकाईले सरांचं काम दिसू द्या. मंग आपण सारे उभे राहू. एक मिनिट, चूप.