परीक्षेच्या आधीचा सत्कार

नाय, पण मला एक सांगा, ज्या पोरीची परीक्षाच झाली नाय तिचा सत्कार करायचं कुणाच्या डोक्यात येतं? माझ्या. हसू नका. तुमाला सांगतो, तुमी माझ्या जागी असता तर तुमीपण तेच केलं असतं, वर बँड लावला असता...

झालं काय, आमची ऋतिका बारावीला. सायन्स. पुस्तकातनं मान वर काढायची ती जेवणापुरती. तिला जायचं होतं सरकारी कृषी कॉलेजात, भाताच्या बियाण्यावर काम करायचं होतं. मी साजगावच्या कारखान्यात ड्यूटी करणार, सुट्टी टाकून लावणी करणार, आणि ही बांधावरनं सांगणार, "बाबा, रोपं लई जवळजवळ लावताय." म्हणजे बघा. आणि दिवाळीनंतर तिच्या कॉलेजात घाटावरनं एक खाजगी विद्यापीठ आलं. विद्यापीठ म्हणजे काय, टाय लावलेली दोन पोरं, एक बॅनर आणि फुकट वाटायच्या पेनांचा खोका. वीस मिनिटांची परीक्षा घेतली आणि चार दिवसांत ऑफर लेटर. किती जणांना? वर्गात बेचाळीस, त्यातल्या एकेचाळिसांना. राहिली एकटी तस्लीम, आमच्या जलालभाईंची पोरगी, ती त्या दिवशी मामेबहिणीच्या लग्नाला गेलेली. आमची बायको, सुंदरा, तिच्या नावानं हळहळली, "बिचारीचं कसं व्हायचं गं बाई आता?"

पत्र इंग्रजीत. वर सोनेरी शिक्का, पोरीचं नाव, मोठ्या अक्षरात अभिनंदन. मी तसाच शिळफाट्याला गेलो आणि लॅमिनेट करून आणलं. पहिलं पान. दुसरं पान होतं म्हणा... पण त्याच्यावर शिक्का नाय, काय नाय, नुसतं मुंग्यांसारखं बारीक अक्षर. ते टाकलं स्कूटरच्या सीटखालच्या डिकीत.

मंग काय, सीट पक्की! पेढे वाटले. फाट्यावर फ्लेक्स लावला, मध्ये पोरीचा फोटो आणि खाली शुभेच्छुक तेवीस, त्यात गॉगलवाला तो मीच. सरपंच सदूभाऊ घरी आले, "संतोष, गावाचं नाव काढलं रं पोरीनं. रविवारी सत्कार." ऋतिका म्हणतेय, "बाबा, अजून परीक्षा व्हायचीय." मी म्हणलं, "अगं, सीट पक्की हाय, कशाला डोळे फोडतेस? दोन शब्द बोल."

बोलली. आणि अशी बोलली तुमाला सांगतो, की तिथंच सगळं बिनसलं. जो तो म्हणायला लागला, हिला आमच्याकडं पाठवा. शाळेत दहावीच्या पोरांना मार्गदर्शन, विषय काय, तर 'अभ्यास कसा करावा'. बचत गटाच्या हळदीकुंकवाला मार्गदर्शन. क्रिकेटच्या टूर्नामेंटच्या बक्षीस समारंभाला मार्गदर्शन... क्रिकेटचा आणि हिचा काय संबंध हो? तर तो मंडळाचा अध्यक्ष छातीवर हात ठेवून म्हणतो, "प्रेरणा भेटते, संतोषभाऊ." आणि हिला नेणार कोण? मीच, स्कूटरवर. अभ्यास कसा करावा ते पोरीनं अकरा ठिकाणी सांगितलं, करायला तेवढी सवड मिळाली नाय. आधी आधी गाडीवर मागं बसून पुस्तक वाचायची. मंग पुस्तक घरी राहायला लागलं. मी काय म्हणायचो? सीट पक्की हाय, राहू दे.

आणि बाकीचे चाळीस काय करत होते? तेच, फक्त भाषणं न करता. त्यांचे फिजिक्सचे सर मला बाजारात भेटले, म्हणले, "अहो, मी शिकवायला उभा राहिलो की पोरं अशी बघतात, जसं काय लग्न लागल्यावर मी स्थळ घेऊन आलोय." समोर वही उघडून बसलेली एकटी तस्लीम. तिला पर्यायच नव्हता ना, तिला कुणी निवडलेलंच नाय.

मे महिन्यात निकाल. ऋतिकाला अठ्ठावन्न. म्हणलं असू दे, आपली सीट पक्की. विद्यापीठात फोन लावला, तर पलीकडनं एक मधाळ बाई, "सर, सेकंड पेज वाचलं ना तुम्ही? बारावीला पासष्टच्या वर, तरच ॲडमिशन." मी म्हणलं, "अहो मॅडम, पण सीट पक्की होती." तर म्हणते, "होती ना सर. अटींसह पक्की होती."

डिकी उघडली. होतं पान तिथंच. सहा महिने मी त्याच्यावर बसून पोरीला मार्गदर्शनाला नेत होतो.

ऋतिका रडली नाय. रडली असती तर बरं झालं असतं. सरकारी कॉलेजच्या प्रवेश परीक्षेतपण मार्क गेलेले. एवढंच म्हणली, "बाबा, मी परत बसते." वर्ष गेलं पोरीचं, आणि ते मी घालवलं.

आणि तस्लीमला अठ्ठ्याऐंशी. गेली ती सरकारी कृषी कॉलेजात. आता तिचा सत्कार नको व्हायला? झालाच. सदूभाऊ परत माझ्या दारात, "संतोष, भाषणाला आपली ऋतिका पायजे. तिला अनुभव हाय." मी नको म्हणलं. ती म्हणली, जाते.

उभी राहिली माईकसमोर. तस्लीमकडं बघून हसली, खरं हसली. मंग म्हणली, "मला एकच सांगायचंय. परीक्षा होईपर्यंत कुणी शाल घेऊन आलं, तर दार लावून घ्या. बाबा आले तरी."

मी चपलांकडं बघतोय. आणि मंग टाळ्या... तस्लीम उठून उभी, जलालभाई उभे. आणि सदूभाऊंनी डोळे पुसले, पिशवीत हात घातला, एक जादा शाल काढली आणि घातली ऋतिकाच्या खांद्यावर. वर माईकवर जाहीर, "असे रोखठोक विचार! पुढच्या रविवारी खालापुरात हेच भाषण."

पोरीनं तिथनं माझ्याकडं बघितलं. आता मी उठायला पायजे होतं. पुढं जाऊन म्हणायला पायजे होतं, बास, पोरीला अभ्यास हाय. सगळं कळत होतं हो मला. पण तुमाला सांगतो, निळी शाल, पोरीला शोभत होती...

मी फोटो काढला.