गार झालेलं पाणी

बाप्तिस्म्याचा विषय माझ्यापुढं काढूच नका बाई. बाळ दोन महिन्यांचं, रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही, अन् त्याच्या आंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं असताना दोन्ही आज्यांची जुंपली.

पाथरीहून आलेली माझी आई म्हणाली, "या रविवारी पाद्रीसाहेबांकडून डोक्यावर पाणी शिंपडून घेऊ."

सासूबाई म्हणाल्या, "तान्ह्याला काय कळतंय? मोठा होऊन त्याच्या मनानं येऊ द्या, मग पाण्यात पूर्ण बुडवू. आमच्या चर्चात तसंच हाय."

कोणीच मागं हटेना. शेवटी मी बाळाला पायावर घेतलं, तांब्या उचलला अन् म्हटलं, "थांबा, मीच घालते डोक्यावर."

दोघी एकदम म्हणाल्या, "गार झालंय गं ते, लेकराला सर्दी होईल."

आजपर्यंत त्यांचं एकमत झालं ते एवढंच. अन् पाणी परत तापवायला उठले मीच.