फाटकाच्या आतलं बोलनं

—नाई संध्या, ढकललं मी त्याले, मारलं नाई. थे पह्यले डोक्यातून काढ. तुह्या नवऱ्याले मी ल्हानपनापासून ओळखतो, अंजनगावात एकाच गल्लीतले आमी. बस न, उभी काहून हायेस? अकोल्याच्या दवाखान्यातून सरळ इथंच आली का? चहा ठेवू? बरं, नको. आयक मंग. थ्या दिवशी तुहा विपुल या कापसाच्या जिनिंगच्या फाटकातून आत आला, मोबाइल असा तोंडासमोर धरून, लाईव्ह — "माह्या बहिनीचा हात मशीननं कोपरापासून तोडला, मशीनवरची जाळी कोनं काढली?" खोटं होतं का? नाई. चंदाले मशीनमधून मीच ओढलं, सारी रुई लाल झाली होती — पन मालक म्हने, खुशालराव, माह्या जागेत उभा राहून माह्याच नावानं वरडते, काढ त्याले बाहेर. जागा त्याची, मी चौकीदार. काढलं. विपुल सडकेवर जाऊन बोलला. सडक त सरकारची, तिथं काय म्हननार? त मालकानं मानसं बसवले, पन्नास जनांनी तक्रारी टाकल्या, दोन घंट्यात व्हिडिओ गायब! कामगारांच्या ग्रुपमधून बी काढलं त्याले — ग्रुप बी मालकाचाच न. मंग सांग, मानसानं बोलावं कुठं? म्हनून थो परत आत आला.

एक काठी मारली. बरं, मारली. पायावर. पडला, मोबाइल फुटला, आता आयकायले कोनी नव्हतं, मालक त गाडीत काच लावून बसला होता — तरी हा मातीत पडून बोलूनच राहिला होता, अन् माह्याकडं पाहून, "खुशालकाका, जाळी कोनं काढली?" काका म्हने मले! मंग तोंडावर हानली. जबडा कडकन वाजला. तरी ओठ हालून राहिले होते. अजून दोन हानल्या. थ्या कोनी सांगतल्या नव्हत्या — उलटा मालकच काच खाली करून वरडला, बस कर, मरते थो!

काहून म्हंजे? पाना माह्या हातात होता न, संध्या. आयतवारी मालक म्हने, जाळीत रुई अटकते, मशीन थांबते, खोलून टाक. चार नट होते. खोलले. सोमवारी चंदा कामावर आली, राम राम काका म्हनून माह्या समोरून गेली. मी नाई सांगतलं तिले. हसलो बी होतो वाटते.

ठान्यात? हेच म्हनू? पोलिसासमोर? — इथं म्हनलं थे, या खोलीत, तुह्या एकटीपाशी. ही खोली बी मालकाचीच हाये, बाई... असं पाहू नको माह्याकडं. विपुल बी असाच पाहून राहिला होता. पाह्य, माहा हात काठीकडं जाऊन राहिला. माह्या मनात नाई, तरी जाऊन राहिला. ऊठ. जाय म्हनतो न — पोरी, निंघ इथून!