क्लच नसलेली गाडी

मी श्रीरामपूरचीच, जल्म हितला आन सासरबी दोन गल्ल्या सोडून. आमी ख्रिस्ती. आबा, म्हंजी माझे वडील, मोटारसायकली दुरुस्त करायचे. मिशनचा एक गोरा सायेब विलायतेला परत जाताना त्याची फटफटी आबांना देऊन गेल्ता, आमच्या आज्याच्या वयाची असंल ती. भाऊ शिकायला पुण्याला गेला, मंग आबांच्या हाताखाली मीच. पोरीच्या जातीला कशाला ते काळं तेल, आई म्हनायची, पन आबा ऐकतात व्हय.

काय सांगू तुमाला, त्या गाडीला काहीच न्हाई. बॅटरी न्हाई, गिअर न्हाई, क्लच न्हाई. इंजनापासून मागच्या चाकापत्तोर नुसता चामड्याचा पट्टा, इंजन फिरलं की चाक फिरनार, चाक थांबलं की इंजन बंद. तेलबी आपसूक जात न्हाई, टाकीपाशी हातपंप हाय, चालवता चालवता दाबायचा, इसरलात की इंजन जाम. आन चालू करायची तर एक दांडा दाबून धरायचा, त्यानं इंजन हलकं फिरतं, मंग ढकलत पळायचं, जोर आला की दांडा सोडायचा आन उडी मारून बसायचं. आबांनी मला असंच शिकवलं, आख्खी गल्ली बघायला यायची.

तर आबा औंदा गेले. जायच्या आदी बोलले हुते, मला नेताना गाडी चालू पायजे, बंद गाडी ढकलत आनू नका, मेलोय मी, ती न्हाई. भाऊ आला, म्हनला, ताई, पेटीच्या म्होरं हळूहळू चालव. म्या म्हनलं, येड्या, ती मानसाच्या चालीनं चालतच न्हाई, एक तर पळंल न्हाईतर बंद पडंल. मंग गाडी टेम्पोत घालू, म्हनला. मला लई राग आला. आबांनी जल्मात एवढं एकच मागितलं आन ते टेम्पोत घालायचं. पाळकसायेब बिचारे बायबल घेऊन उभे, पेटी चौघांच्या खांद्यावर, सगळे माझ्याकडं बघत हुते.

म्या पदर खोचला आन बसले. भावाला म्हनलं, ढकल. रडत रडत ढकलली त्यानं. म्या दांडा सोडला, गाडीनं धूर टाकला आन निघाली. येग कमी व्हावा म्हून ठिनगीचा खटका मागं घेतला, इंजनात जानारी हवा कमी केली, तरी ती दमानं जाईना. पेटीशेजारून गेले तवा आबांकडं बघताबी आलं न्हाई, नजर रस्त्यावर, एक हात पंपावर. लोक मागं ऱ्हायले, त्यांचं प्रार्थनेचं गानंबी मागं ऱ्हायलं.

कब्रस्तानात पोचले, गाडी बंद केली. खड्डा खनून तयार हुता. त्याच्यापाशी मी एकलीच उभी, आन आबा मागून येत हुते. कुनाची वाट बघताना कधी असं वाटलं न्हवतं, पन तवा वाटलं, येऊच नगा आबा, तिकडनंच परत जा. मंग गानं ऐकू यायला लागलं.

आता गाडी ओसरीत हाय. पट्ट्याला एरंडेल लावते, पुसते, पन चालू करत न्हाई. बसले की वाटतं, पुन्यांदा म्होरं जाऊन खड्ड्यापाशी उभं ऱ्हावं लागंल. तुमचे वडील हायेत म्हनला न्हवं तुमी? मंग चहा घ्या आन उठा, दिस हाय तवर घरी जा, त्यांच्यापाशी बसा जरा. प्रभू त्यांना सुखात ठेवो.