मोटारीला लगाम न्हाय

आमी मूळचे टांगेवाले. भवानी पेठेत माजा जलम, बाप टांगेवाला, त्येचा बापबी टांगेवाला, आन् मला बाबालालला मोटारीवर कुनी बसवलं म्हनाल, तर पोटानं. उतारूंच्या सर्विस मोटारी निगाल्या, बाहेरगावची भाडी तुटली, मग चंपा घोडी मेव्हण्याला दिली आन् वैरागच्या मोटारीवर डायवर झालो.

काय सांगू तुमाला, टांग्यावर मला डुलकी लागली तरी चंपा नीट घरी आनायची. पोर आडवं आलं तर आपसूक थांबायची. दोन जीव जागं असायचं की. मोटारीत मी एकलाच जागा, आन् मागं एवढी मान्सं, लेकरंबाळं, कोंबड्या, समद्यांचा घोर माज्या डोक्यावर. भाकर गिळवंना. दुसरे डायवर म्हनायचे, तमाकू मळ, निबर हो. एकानं सांगितलं, रोज चाकाखाली लिंबू चिरड. चिरडलं. घोर काय गेला न्हाय.

तर एक दिस भर दुपारी, वैरागच्या अलीकडं, शेताच्या वाटंनं एक बैलगाडी सडकंवर चढाया लागली, गाडीवान कडब्यावर झोपलेला. पाय बिरेकवर जायाला पायजे का न्हाय? पर मी काय केलं, दोनी हातांनी म्होरलं वळवायचं चाक छातीकडं वढलं, लगाम वढत्यात तसं, आन् वरडलो, हो, हो, चंपे, हो! मोटार कशाची ऐकती! पर बैलांनी ऐकलं. जागच्या जागी थांबली बिचारी, आन् मोटार त्येंच्या शिंगांजवळनं निगून गेली.

मान्सं म्हनली, काय डायवर हाय! मालकाला मी खरं ते सांगितलं, मालक, चुकलं, मी घोडी हाकली. तर ते हसले, म्हनले, वाचलं न्हवं समदं, मग? बायकू म्हनती, अल्लाने बचाया, अब छोड दो जी वो मोटार. आता तुमीच सांगा, मी चांगला डायवर का वाईट? नुसताच बिरेक दाबला असता तर बैलं चालतच ऱ्हायली असती, मग काय झालं असतं? लई इचार केला, मला काय उमजंना बगा. हात आजूनबी घाबरले की चाक वढत्यात.

पाळी सुटली की ठेसनावर जातो. मेव्हण्याच्या टांग्याला चंपा असती, तिच्या मानंला डोकं टेकून उभा ऱ्हातो, छाती जरा हलकी हुती. तीबी म्हातारी झाली. परवा मेव्हणा म्हनला, ही चालता चालता पेंगती, हल्ली मलाच जागं ऱ्हावं लागतं.

सकाळी परत वैरागची मोटार हाय. अल्ला तुमालाबी सुकरूप ठेवो. गाडीवान झोपला तर झोपू दे, त्योबी थकलेला असतो, बैलं तेवढी जागी असू देत.