शंभर कुठून मोजायचे

(बुऱ्हाणपूर, राजपुरा. जलेबीच्या दुकानाबाहेरचं बाकडं, भर दुपार. केळीची शेती करणारा निरंजन, त्याची बायको भूमिका आणि आई रंभाबाई. मूल व्हावं म्हणून आत्ताच एका नव्या डॉक्टरीणबाईंना भेटून निघाले आहेत.)

रंभाबाई : मी तं म्हनते, परत इंदूरलेच चाला. तो डॉक्टर ऐंशी सांगे, ही बाई तीस सांगते. ऐंशी सोडून तीसच्या दारात कोनी जातं का वं?

निरंजन : आई, पहिले जलेबी खाऊन घे. मावा-जलेबी ठंडी झाली की मजा नाही.

रंभाबाई : मले नाही जात घशाखाली. तीस म्हने! शाळेत तीसवाल्याले नापास करतात.

भूमिका : आई, हे मार्क नाहीत हो.

रंभाबाई : मंग काय हाये? मले तं बाहेरच बसवलं तुम्ही दोघायनं. पंख्याखाली बसून मी त्या भिंतीवरच्या गुबगुबीत पोट्ट्यायचे फोटो पाहात होती.

निरंजन : तुला आत घेतलं असतं तं तू मॅडमलाच काढा सांगितला असता.

रंभाबाई : सांगितला असता. काय वाईट हाये काढा?

भूमिका : सांगते ना. माझ्या वयाच्या शंभर बायांनी हा उपचार सुरू केला, तर तीसेक जणी लेकरू घेऊन घरी जातात. सुरू केला तिथपासून मोजायचं, आणि लेकरू हातात आलं तिथं थांबायचं. मॅडमचे तीस म्हणजे हे.

रंभाबाई : आन् इंदूरले ऐंशी जनी जातात.

भूमिका : नाही जात. तेच तर आज कळलं.

निरंजन : अरे हां, तू जिन्यात कुणाला फोन करत होती? मी गाडी काढायला गेलो तेव्हा.

भूमिका : सांगते. आधी तुम्ही मॅडमना काय विचारलंत ते आईंना सांगा.

निरंजन : छोड ना यार.

रंभाबाई : काय विचारलं यानं?

भूमिका : सांगा ना. एवढं बेधडक विचारलंत, आता लाजताय कशाला?

निरंजन : अगं, मी सीधी गोष्ट बोललो. आपण बाग लावताना शंभरावर दहा रोपं जास्तीची आणतो का नाही? नांग्या भरायला. कुठं रोप मेलं तं त्या खड्ड्यात दुसरं. तं मी बोललो, मॅडम, एक-एक काय टाकता, चार गर्भ एकदमच टाका. एखादा नाही लागला तं नांग्या भरायला बाकीचे आहेतच.

रंभाबाई : बरोबर तं बोलला!

भूमिका : मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, भाऊ, तुमच्याकडे चार खड्डे असतात. इथे खड्डा एकच आहे. चारही लागले तर काय करणार?

रंभाबाई : अगं माय. चार?

भूमिका : बाईच्या जिवाला धोका, लेकरांच्याही. म्हणून त्या एकच ठेवतात, फार तर दोन. बाकीचे गोठवून जपतात, पुढच्या वेळेसाठी.

निरंजन : ती नर्स तं तोंडाला रुमाल लावून बाहेरच पळाली. मला वाटलं, काय गलत बोललो मी?

रंभाबाई : तुहा बाप असाच होता. बैलाच्या डॉक्टरले माह्या गुडघ्याची गोळी मागे.

भूमिका : खा आता आई, एक तरी.

रंभाबाई : दे. पन मले ऐंशीचं सांग. तो काय खोटं बोलला?

भूमिका : खोटं पण नाही बोलला, तीच तर गंमत. मॅडम म्हणाल्या, कुणीही आकडा सांगितला की दोन गोष्टी विचारा. शंभर कुठून मोजले, आणि यश कशाला म्हणता? अहो, तुम्ही सांगा, समजा शंभर रोपं लावली.

निरंजन : हां.

भूमिका : काही मेली. काही वाढली पण निसवलीच नाहीत, केळफुलाचं कमळच बाहेर पडलं नाही. जी निसवली त्यांतली काही आंधीत आडवी झाली. कटाईला उरली किती?

निरंजन : ते त्या सालावर. मागच्या आंधीत आमचं तं आधं शेत झोपलं होतं.

भूमिका : बरं. आणि शेजारच्यानं फक्त निसवलेली झाडंच शंभर धरली, आणि सांगितलं की माझा माल ऐंशी टक्के?

निरंजन : सांगू दे ना. व्यापारी त्याला गाडीच भरू देणार नाही. घड किती कापले ते बोल म्हणेल.

रंभाबाई : निसवलं म्हंजे घड हाती आला असं नाही. हे तं मले बी समजते.

भूमिका : इंदूरवाल्यांचं तसंच आहे. ज्यांचं बीज तयारच झालं नाही, ज्यांना मधेच थांबवलं, त्या मोजल्याच नाहीत. वर पंचविशीच्या पोरी त्यात, दुसरीचं बीज घेतलेल्या त्यात, सगळ्या एकाच टोपलीत. आणि यश म्हणजे काय, ते मी आज फोन करून विचारलं.

निरंजन : इंदूरला? आणि त्यांनी सांगितलं?

भूमिका : पोरगी गोड होती हो. म्हणाली, मॅडम, रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आया मतलब सक्सेस. मी म्हटलं, त्यानंतर? तर म्हणाली, उसके बाद का हम नहीं गिनते.

रंभाबाई : म्हंजे लेकरू झालं का नाही ते मोजतच नाहीत?

भूमिका : नाही. मग तिनं माझं नाव विचारलं. कॉम्प्युटरवर पाहिलं. आणि मला म्हणते, मॅडम, आपका तो सक्सेस दिखा रहा है.

निरंजन : काय?

भूमिका : त्यांच्या ऐंशीत मी आहे. माझा रिपोर्ट आला होता ना चांगला. पंधरा दिवसांनी गर्भ पडला, ते त्यांच्याकडे कुठेच नाही.

रंभाबाई : थांब, थांब. तुले त्यायनं पास केलं?

भूमिका : केलं की. मी तिथल्या यशस्वी बायांपैकी एक आहे, आई.

निरंजन : हद्द झाली यार. आपण अख्खा श्रावण घरात तोंड लपवून बसलो, आणि तिकडं आपल्या नावानं...

भूमिका : मला आधी हसूच आलं. मग तिथेच जिन्यात उभ्या उभ्या रडू आलं. वर्षभर मी स्वतःला त्या वीसांत धरलं होतं. ऐंशी जणींना जमतं आणि मला जमत नाही, म्हणजे खोट माझ्यातच. मी जास्त चालले का, पपई खाल्ली का, त्या दिवशी पाण्याची बादली उचलली का? रोज हेच. मॅडम म्हणाल्या, यातलं काहीच कारण नव्हतं, तुमचं काही चुकलं नाही. आणि खरं म्हणजे माझ्यासारख्या बाया शंभरात सत्तर आहेत. सत्तर! मी काही जगावेगळी नव्हतेच.

निरंजन : हे तू मला कधी बोलली नाही. बादलीचं.

भूमिका : तुम्हीच त्या दिवसापासून बादली उचलू दिली नाहीत. काय बोलणार?

रंभाबाई : तीस आन् तीस साठ. दोनदा केलं तं साठ होईन ना?

भूमिका : नाही हो. पहिल्या वेळी ज्यांचं झालं त्या परत येत नाहीत. उरलेल्या सत्तर जणींतूनच पुढचं मोजायचं. दोनदा मिळून निम्म्याच्या आसपास. आणि माझं वय काही थांबणार नाही.

रंभाबाई : निम्मं बी काही कमी नाही वं. मंग कधी सुरू करतात?

भूमिका : मी अजून हो म्हटलेलं नाही. सोमवारी कळवते म्हणून सांगितलंय.

निरंजन : काहून? तू तं आत एकदम खूश दिसत होती.

भूमिका : खूश आहेच. इतकं हलकं मला वर्षभरात वाटलं नव्हतं. इंजेक्शनांना मी भीत नाही. पण एक ठरल्याशिवाय मी सुरू करणार नाही. तीसांत आले तर काय होईल, ते सगळ्यांना माहीत आहे. पेढे होतील, बारसं होईल. सत्तरांत आले तर काय, ते आज सांगा.

निरंजन : त्यात काय सांगायचं? एक बार करू, फार तं दोन बार. नाही झालं तं नाही. आपण दोघं तेच, बाग तीच. मी तुला तेव्हा पण बोललो होतो, मला तू घरात हसती पाहिजे.

भूमिका : तुमचं मला माहीत आहे. मी आईंना विचारतेय.

रंभाबाई : मले काहून? मी कधी काही म्हनलं का तुले?

भूमिका : नाही म्हणालात.

रंभाबाई : मंग? बाजूच्या बाया कशा वागवतात सुनायले, पाहत नाहीस का? मी तुले एका शब्दानं टोचलं नाही.

भूमिका : खरं आहे. पण आमच्या ज्योतीच्या डोहाळजेवणाला ओटी भरायला सगळ्यांना पुढे बोलावलंत. माझी वेळ आली तर म्हणालात, भूमिका पुऱ्यांकडे पाहते आहे. पुऱ्या केव्हाच तळून झाल्या होत्या, आई.

निरंजन : भूमिका...

भूमिका : बोलू द्या मला. ती माझी चुलत जाऊ. तिच्यासाठी नारळ मी निवडून आणला होता. तो पदराखाली घेऊन मी दाराआड उभी होते.

रंभाबाई : लोक काही बोलले असते.

भूमिका : बोलले असते.

रंभाबाई : तुलेच लागलं असतं ते. म्हनून म्या...

भूमिका : मला दारामागे जास्त लागलं.

निरंजन : आई, पाणी पी.

रंभाबाई : नको मले पानी. रिपोर्ट आला तवा अख्ख्या गावात पेढे मीच वाटले. मंग सारे मलेच विचारत, काय झालं, काय चुकलं सुनेचं? मले काय सांगावं समजेना. म्या म्हनलं, देव जाने. काही नाही चुकलं, असं नाही म्हनलं म्या.

निरंजन : ए, मालूआत्याचा फोन आहे. सकाळपासून तिसरा. काय झालं ते कळेपर्यंत तिला चैन पडणार नाही. सांगू, नंतर कर म्हणून?

रंभाबाई : आन इकडं. तिले एक सांगितलं की सांजेपर्यंत देडतलाईपासून डोईफोडियापर्यंत सगळ्या पाव्हन्यायले समजते. ...हां मालू, बोल. ...हो, पाहिलं डॉक्टरनं. ...बाई चांगली हाये. खरं सांगते. ...किती टक्के? ते नको विचारू, ते समजायले तुले दिवस लागन. ...पोराचं? होईन नाही तं नाही होईन, त्याचं काही सांगू नको कोनाले. ...थांब, माहं आईक. भूमिकाचं मागच्या साली काही चुकलं नव्हतं. ...हो, डॉक्टरीनच म्हनली. काहीच नव्हतं चुकलं. ...हां. हे सांग सगळ्यायले.