बस बायकांसाठी थांबते

सन्माननीय अध्यक्ष आणि आमचे मुख्याध्यापक उस्ताद शाकिर, शिक्षण खात्यातून वाकडी वाट करून आलेल्या प्रमुख पाहुण्या मादाम इनआम, व्यासपीठावरचे सहकारी, पालकहो, आजी-माजी विद्यार्थ्यांनो, आणि मघापासून बसबूसा मिठाईची ताटं धरून माझं भाषण कधी आटोपतंय याची वाट बघत दाराशी उभे असलेले आमचे शिपाई अम्म बयूमी, आपणा सर्वांना आज निवृत्त होणाऱ्या या अदलीचा आदरपूर्वक सलाम.

आणि शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून बसलेले गणिताचे माजी शिक्षक उस्ताद लुत्फी यांनाही सलाम. लुत्फी, तू आलास! पत्रिका मीच पाठवली होती, पण तू येशील असं मला वाटलं नव्हतं. मंडळी, अकरा वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. माझ्या खिशात चार पानांचं भाषण आहे. त्यात शाळेचे उपकार आहेत, मुख्याध्यापकांची स्तुती आहे आणि मुख्याध्यापकांनीच सुचवलेल्या दुरुस्त्याही आहेत. ते आता खिशातच राहू दे. अध्यक्षांची हरकत नसेल तर मी एक शेवटचा तास घेतो. विषय आहे सापेक्ष वेग.

घाबरू नका मादाम, फळा मागवत नाही.

आपल्या शुब्रा भागातली बस तुम्हा सगळ्यांच्या पायाखालची आहे. ती थांबत नाही. पुरुष उतरायचा असला की उस्ता, म्हणजे आपले चालकसाहेब, वेग जरासा कमी करतात आणि उतरणाऱ्याने उतरून घ्यायचं. बस पुरती थांबते ती बायकांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी. धडधाकट पुरुषाने "थांबवा" म्हटलं, तर आख्खी बस मान वळवून बघते. या शाळेत मी एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, पण पोरांनी खरं ऐकलं ते एवढंच, की चालत्या बसमधून उतरायचं कसं. तोंड बसच्या दिशेला. पाय जमिनीला लागताच पुढे धावायचं. कारण पाय थांबतात, पण वरचं शरीर बसच्याच वेगाने पुढे जात असतं. पुढे पडायला लागलात तर पाय टाकून सावरता येतं. मागे पडलात तर मागे टाकायला पाय कुठून आणणार?

हे लुत्फीला पटायचं नाही. गणितवाला ना! त्याचं म्हणणं असं, की बस ताशी वीस किलोमीटरने चाललीय. तुम्ही पुढे पाचने उडी मारलीत तर जमिनीवर पंचवीसने आदळता. मागे तोंड करून पाचने मारलीत तर पंधरानेच. मग शहाण्या माणसाने कुठे उडी मारावी? शिक्षकांच्या खोलीत त्याने हे फळ्यावर मांडलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतिहासाच्या मास्तरांनीसुद्धा, ज्यांना वजाबाकीचा गंध नाही.

त्याची वजाबाकी बरोबर होती. म्हणून तर मला ती झोंबली. दुसऱ्या दिवशी वर्गात एक पोरगा उठून म्हणाला, "उस्ताद अदली, मिस्टर लुत्फी म्हणतात तुमचं चुकलं." चाळीस पोरं हसली. आता विचारा, त्याच दिवशी मी लुत्फीला बाजूला घेऊन पायांचं गणित का नाही समजावलं? दोन मिनिटांचं काम होतं. नाही समजावलं, कारण मला त्याची जिरवायची होती. हे मी आज प्रथमच मोठ्याने बोलतोय. माझी बायको गेली, तिलाही मी हे सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी रोजच्यासारखे आम्ही दोघं एकाच बसला होतो. सोळा वर्षं आम्ही एकत्र जायचो-यायचो. बाकल्याच्या उसळीचं सँडविच अर्धं त्याचं, अर्धं माझं, आणि त्यातलं लोणचं सगळं त्याचं. मी म्हणालो, "काय रे, फळ्यावर फार शूर होतास. आता दाखव की करून."

"दाखवतो. तू नुसता बघत राहा."

"उस्ता, आमचे मास्तर आज उलटे उतरणार आहेत!" मी ओरडलो.

"उलटे उतरोत नाहीतर सुलटे," उस्ता म्हणाला, "माझ्या चाकाखाली येऊ नका म्हणजे झालं. मला घरी मुलूखियाची भाजी थांबलीय."

बस हसली. लुत्फी पायरीवर जाऊन उभा राहिला, पिशवी छातीशी धरून, मागे तोंड करून. आणि मग माझ्याकडे वळून, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "अदली, थांबवायला सांगू का रे?"

तो घाबरला होता. हे मला दिसत होतं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बस बायकांसाठी थांबते."

त्याने उडी मारली.

मी दांडीला धरून उभा होतो. पायरी रिकामी होती. मला उतरता येत होतं, शुब्र्यात माझ्याइतकं चांगलं कुणाला येत होतं? पण पहिल्यांदा मला हसू आलं. मग वाटलं, उठेल आता. मग बस बरीच पुढे आली होती. सापेक्ष वेगाचा नियम असा आहे मंडळी, की मला लुत्फी ज्या वेगाने मागे जाताना दिसत होता, नेमक्या त्याच वेगाने लुत्फीला मी दूर जाताना दिसत होतो. मी पुढच्या थांब्यावर उतरलो आणि धावत परत आलो, तोवर लोकांनी त्याला टॅक्सीत घातलं होतं.

खुबा मोडला होता. दवाखान्यात मी संत्री घेऊन गेलो. तो भिंतीकडे बघत एवढंच म्हणाला, "तू उतरला नाहीस." मी संत्री ठेवून घरी आलो. तो पुन्हा शाळेत आला नाही. मीही त्याच्या गल्लीतून जायचं सोडलं. भाजीला लांबच्या रस्त्याने जाऊ लागलो.

माझा मुलगा कुवेतमध्ये असतो, शुक्रवारी फोन करतो. बाकीचे सहा दिवस मी घरात मोठ्याने बोलतो, आवाज बसू नये म्हणून. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटतं. शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाही म्हणून नवी पोरंपोरी मला खडूस म्हणतात. ती खुर्ची लुत्फीची आहे एवढं सांगायला काय झालं होतं? पण मग कोण लुत्फी, हेही सांगावं लागलं असतं.

गेल्या वर्षीपासून आणखी एक झालंय. मी दारापाशी गेलो की उस्ता बस पुरती थांबवतो. "सावकाश, हाजीसाहेब, घाई नाही." मी कधी हजला गेलेलो नाही, पण पांढऱ्या केसांना काय सांगणार? सगळी बस माझ्यासाठी खोळंबते. पहिल्या दिवशी मी घरी जाऊन रडलो. तुम्हाला वाटेल म्हातारपण झोंबलं. तसं नव्हतं. मी सवयीने सेकंद मोजले होते. बस थांबून, मी उतरून, ती पुन्हा सुटेपर्यंत नऊ सेकंद लागतात. त्या दिवशी मी उस्ताला नुसतं "थांबवा" म्हटलं असतं तर एवढंच झालं असतं. नऊ सेकंद लोक हसले असते. तेही माझ्यावर.

लुत्फी, मला त्या दिवशी—

तू उठलास का? अम्म बयूमी, त्यांना... नको, अडवू नका. काठी घेऊन निघालाय तो. मंडळी, मागे वळून बघू नका, त्याला आवडत नाही.

अध्यक्ष महाराज, मादाम, मला क्षमा करा. आभारांची यादी त्या चार पानांत आहे, ती उस्ताद शाकिर वाचून दाखवतील, त्यांची स्वतःची स्तुती त्यांनी गाळली तरी चालेल. मानपत्र दिलंत, शाल दिलीत, इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर तुम्ही सगळे पोटात घालाल, याची मला खात्री आहे. ज्याच्याबद्दल खात्री नाही तो दारापर्यंत पोचलाय. बसबूसा वाटायला घ्या, माझ्यासाठी थांबू नका.

लुत्फी! अरे थांब, मी खाली येतोय.